रात्रीचा ब्रश मोठ्यांच्याच हाती असावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या दातांबद्दल वर्तमानपत्रांत, शाळेच्या सूचनांमध्ये आणि तपासणी शिबिरांच्या फलकांवर जो सल्ला छापला जातो तो बहुतेक दोनच ओळींचा असतो: दिवसातून दोनदा दात घासा आणि गोड कमी खा. सल्ला खरा आहे, पण तेवढ्याने दाढा वाचत नाहीत. दोनदा दात घासणाऱ्या घरांतल्या मुलांच्याही दाढा किडतात आणि कारणे फिरून फिरून तीच निघतात. घासण्याचे काम मुलावर सोडलेले असते, रात्रीचे घासणे 'आज राहू दे' म्हणून राहते, पेस्टमध्ये कीड रोखणारे फ्लोराइड नसते, आणि दोन खाण्यांच्या मध्ये तोंडाला उसंत मिळत नाही. म्हणून हा विषय जरा तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. आपण साखर किंवा पिठूळ काही खाल्ले की हे जंतू त्यातून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच त्या थराचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली उतरतो आणि इनॅमलमधली, म्हणजे दातावरच्या टणक आवरणातली खनिजे विरघळून बाहेर पडू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत जाऊन बसतात. झीज आणि भरपाई असा हा दिवसभराचा हिशेब आहे. भरपाईला वेळच मिळाला नाही तर दात किडतो.

यावरून एक गोष्ट कळते. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे ठरते. बिस्किटांचा एक पुडा जेवणानंतर एका बैठकीत संपवला तर आम्लाचा एक हल्ला होतो. तोच पुडा हातात धरून मूल दुपारभर एकेक खात राहिले तर पाच-सहा हल्ले होतात. ज्यूसची बाटली गळ्यात अडकवून घोट घोट पिणाऱ्या मुलाच्या तोंडात तर आम्ल दिवसभर निवळतच नाही. 'घरी काढलेला रस आहे, वरून साखर घातलेली नाही' हे समर्थन इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबाबत जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात फळांचा रस आणि मध यांतली साखरही टाळायच्या साखरेतच धरली आहे. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास 5 टक्क्यांहून कमी वाटा तिचा असावा, असे ती सूचना सांगते. अख्खे फळ चावून खाण्याला मात्र कसलीच हरकत नाही. गोड द्यायचेच असेल तर जेवणासोबत द्यावे. मधल्या वेळी तहान लागली की फक्त पाणी. चॉकलेट दातांवरून लवकर निघून जाते. बिस्किटे, चिप्स यांचा लगदा दाढांच्या खाचांत तासभर बसून राहतो. 'खारे आहे, गोड नाही' म्हणून त्याला निर्धोक समजू नये.

झोपेत लाळ जवळजवळ सुटतच नाही. त्यामुळे तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपलेल्या मुलाच्या दातांचे संरक्षण त्या काळात संपलेले असते. नुसत्या दुधातली साखर तशी सौम्य, पण दुधात साखर घातलेली असली किंवा बाटली रात्रभर तोंडात राहिली, तर सौम्यपणा उरत नाही. अशा किडीची खूण ठरलेली आहे. वरचे समोरचे चार दात आधी जातात, मग दाढा. खालचे समोरचे दात मात्र बहुधा शाबूत राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर पसरलेली असते आणि जिभेखालची लाळ त्यांना भिजवत असते. बाटली सोडवायची तर आधी तिच्यातली साखर कमी करत न्यावी, मग दूध पातळ करत करत आठ-दहा दिवसांत नुसत्या पाण्यावर यावे. वर्षाच्या सुमारास बाटलीऐवजी पेला हातात द्यावा. अंगावरचे दूध या भीतीने तोडण्याचे कारण नाही. मात्र वर्षानंतरही रात्रीत अनेकदा पाजणे चालू असेल तर दात साफ ठेवण्यात हयगय चालणार नाही. चोखणीला मध लावून देणे हे तर दुहेरी चूक आहे: दातांसाठी वाईट, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळात देऊच नये.

आता एक तपासणी, जी घरी दोन मिनिटांत होते आणि क्वचितच कुणी करते. मुलाला उजेडाकडे तोंड करून निजवावे. वरचा ओठ अंगठ्याने अलगद वर उचलावा, समोरच्या दातांवरची लाळ कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावी आणि हिरडीला लागून असलेला दाताचा भाग नीट पाहावा. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज पट्टी दिसली तर ती किडीची पहिली पायरी. ओला दात चमकतो, त्यामुळे टिपल्याशिवाय ती दिसत नाही. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड, रात्रीची सफाई आणि खाण्याच्या वेळा, एवढ्यावर ती पट्टी तिथेच थांबू शकते, पुन्हा टणक होऊ शकते. तीच पिवळी, मग तपकिरी झाली आणि पृष्ठभाग खरखरीत लागू लागला की वेळ हातातून निसटू लागते. महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहणे हे महागड्या ब्रशपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत' हे वाक्य आम्हा दंतवैद्यांना रोज ऐकावे लागते. दुधाचे दात वीस. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पुढच्या सहा-सात वर्षांचे चावणे बिघडले. शिवाय या दातांचे इनॅमल कायमच्या दाताच्या जेमतेम निम्म्या जाडीचे आणि आतली नस त्या मानाने मोठी, पृष्ठभागाच्या जवळ. म्हणून बारीक काळा ठिपका काही महिन्यांत नसेपर्यंत पोचतो. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताचे इनॅमल डागाळलेले किंवा खडबडीत निघू शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा बुजते आणि खालून येणारा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो.

आता घासण्याबद्दल. पहिला दात दिसला, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यात, की ब्रश सुरू. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या मनगटाला मागच्या दाढांपर्यंत ब्रश फिरवण्याची सफाई आलेली नसते. सकाळी त्याला हौसेने स्वतः घासू द्यावे. रात्रीचा ब्रश मात्र मोठ्यांनीच हातात घ्यावा. समोरासमोर उभे राहून घासण्याचा प्रयत्न फसतो, कारण मूल मान मागे घेते आणि आपल्याला फक्त समोरचे दात दिसतात. लहान मुलाला आडवे निजवून डोके मांडीवर घ्यावे. मोठ्या मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीला टेकवावे, एका हाताने हनुवटी धरावी आणि त्याच हाताच्या बोटाने गाल बाजूला करावा. ब्रशचे डोके लहान, केस मऊ. केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके टेकवून जागच्या जागी छोटी वर्तुळे काढावीत आणि पुढच्या दोन दातांवर सरकावे. सुरुवात नेहमी मागच्या दाढांपासून करावी, कारण मुलाचा धीर संपतो तेव्हा राहिलेले दात समोरचे असलेले बरे. वरच्या दाढांची गालाकडची बाजू घासताना तोंड मोठे उघडायला सांगू नये. अर्धे मिटले की गाल सैल पडतो आणि ब्रश आत जातो. एकूण दोन मिनिटे. मूल रडले तर रडताना तोंड उघडे असते, तेवढा फायदा करून घ्यावा. हिरडीतून रक्त आले म्हणून तिथे घासणे सोडू नये. बहुतेक वेळा ते नीट न घासल्यामुळेच आलेले असते. ब्रश तीन महिन्यांनी बदलावा, केस फिस्कारले तर त्याआधीच.

पेस्टच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. एका घरात 'मूल गिळते' म्हणून फ्लोराइड नसलेली पेस्ट आणतात, दुसऱ्या घरात ब्रशभर पट्टा काढतात. जाहिरातींतल्या ब्रशवर जी लाटेसारखी पट्टी दिसते ती मोठ्यांसाठीही जास्तच आहे, मुलांचे तर विचारूच नका. आपल्या अंकात मुलांच्या ब्रशचे चित्र छापायची वेळ आली तर त्यावर योग्य तेवढीच पेस्ट दाखवावी, ही विनंती. योग्य म्हणजे किती? तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, केसांवर नुसती माखलेली. तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. ट्यूबवर सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी एक नाव आणि किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हा आकडा पाहावा. कार्टूनचे चित्र असलेल्या पुष्कळ ट्यूबमध्ये हे प्रमाण 500 च्या आसपास असते, काहींत शून्य. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये जेमतेम 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड असते, ते सगळे गिळले गेले तरी बिघडत नाही. पण ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नये. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 5 मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेले तर तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत हा आकडा 1000 पीपीएमची अर्धी मोठी ट्यूब, म्हणजे 50 ग्रॅम पेस्ट खाल्ल्यावर गाठला जातो.

घासून झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही. चूळ भरली की दातावर राहायला हवे ते फ्लोराइड धुऊन निघते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण आपण सगळेच उलटे शिकलो आहोत. थुंकता न येणाऱ्या बाळाचे तोंड कापडाने टिपावे. त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काहीही नाही, औषधाचे गोड सिरपसुद्धा ब्रशच्या आधी. फ्लोराइडच्या गुळण्या सहा वर्षांच्या आत नकोत. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे (लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर) अशा भागात पेस्ट कोणती व किती, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे. दात घडत असताना जादा फ्लोराइड पोटात गेले तर कायमच्या दातांवर पांढरे डाग उमटतात.

यानंतर सर्वाधिक दुर्लक्षित दात: सहाव्या वर्षाची दाढ. ही येताना एकही दुधाचा दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, हिरडीतून ती गुपचूप वर येते, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. तिला दुधाची समजून 'पडेल आणि दुसरी येईल' असे म्हणणारे पालक पुष्कळ. दुसरी येत नाही, हीच आयुष्यभराची. पूर्ण उंचीला येऊन समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकायला तिला वर्ष-दीड वर्ष लागते आणि तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. ब्रश पुढून मागे नेला तर तो शेजारच्या उंच दाढेवरूनच घसरत जातो, हिला शिवतही नाही. समोरच्या जबड्यातली दाढ टेकत नसल्याने चावण्यातून होणारी घासाघीसही हिच्या वाट्याला येत नाही. नव्याने उगवलेले इनॅमल अजून पुरते पक्व झालेले नसते. वरच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा एक केसही आत जात नाही. ही दाढ इतक्या मोठ्या प्रमाणावर किडते यात आश्चर्य ते काय?

उपाय असा. पाच-साडेपाच वर्षांपासून दर महिन्याला शेवटच्या दाढेमागे बोट फिरवून टोकदार उंचवटा लागतो का पाहावे. लागला की ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून, दातांच्या रांगेला काटकोनात धरून त्या एकट्या दाढेवर दहा-पंधरा वेळा फिरवावा. नेहमीचे घासणे झाल्यावर हे वेगळे करायचे. मग दंतवैद्याकडून खाचा बुजवून घ्याव्यात, यालाच सीलंट म्हणतात. यात दाढ कोरावी लागत नाही, सुई नाही. दाढ साफ करून, कापसाने किंवा रबर डॅमने (दाताभोवती ताणलेल्या रबरी पडद्याने) लाळ अडवून, 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल 15 ते 30 सेकंद लावतात. धुऊन वाळवल्यावर इनॅमल दुधी काचेसारखे पांढुरके दिसायला हवे. मग रेझिन (प्लास्टिकसारखे पातळ द्रव्य) खाचांत सोडून प्रकाशाने घट्ट करतात. हे फसते ते लाळेमुळे. जेल धुतल्यानंतर क्षणभर जरी लाळ लागली तरी रेझिन धरत नाही आणि काही महिन्यांत कडा उचलल्या जातात. म्हणून अर्धवट उगवलेल्या, हिरडीची घडी अजून अंगावर असलेल्या दाढेवर ग्लास आयोनोमर हे दात भरायचे सिमेंट वापरणे शहाणपणाचे; ओलावा ते जास्त सहन करते. ते टिकते कमी, पण दाढ वर येईपर्यंतचा धोक्याचा काळ निभावते. सीलंट लावले म्हणून विसरून जाऊ नये, सहा महिन्यांनी कडा तपासून घ्याव्यात. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेलाही हेच लागू. काही मुलांत सहाव्या वर्षाची दाढ मुळातच पिवळट-तपकिरी चट्टे घेऊन येते, गार पाण्याने ठणकते आणि भराभर तुटते. तो घासण्यातला दोष नसतो, इनॅमल कच्चे बनलेले असते. अशा मुलाला ओरडण्याऐवजी लगेच दंतवैद्याकडे न्यावे.

दोन दाढांच्या मधली कीड ब्रशने थांबत नाही. तीन-चार वर्षांच्या सुमारास दुधाच्या दाढा एकमेकींना चिकटतात, तेव्हापासून रात्री एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा, फिरवावा. मुलांसाठी दांडीला ताणलेला मिळतो, तो सोपा पडतो. तिथली कीड वरून दिसत नाही, फार तर दाढेच्या कडेखाली करडी सावली दिसते. घास अडकतो अशी तक्रार मुलाने केली तर ती हसण्यावारी नेऊ नये. छोट्या एक्स-रेमध्ये हे स्पष्ट होते.

पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याची पहिली भेट व्हावी. कीड लागण्याचा धोका असलेल्या मुलांना 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश (दातावर चिकटून राहणारा लेप) दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात, काम दोन मिनिटांचे. कीड लागलीच आणि मूल खुर्चीत बसायला तयार नसले तर 38 टक्के सिल्व्हर डायअमीन फ्लोराइडचा पर्याय आहे: किडलेला भाग कोरडा करून मिनिटभर लावायचे, सहा महिन्यांनी पुन्हा. कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो आणि खड्डा तसाच राहतो. हे पालकांना आधी सांगायला हवे, नंतर नव्हे. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड पेस्ट, ग्लास आयोनोमर आणि हे द्रावण आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, यावरून त्यांचे महत्त्व कळावे. दुधाच्या दाढेची कीड नसेपर्यंत गेली नसेल तर न कोरता, भूल न देता वर स्टीलची कॅप बसवण्याची पद्धतही आहे. आधी काही दिवस दाढांमध्ये रबरी कडी घालून जागा करतात. सुरुवातीला चावताना कॅप उंच लागते, काही आठवड्यांत दात आपोआप जुळवून घेतात. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवली जाते. ती सैल झाली किंवा खालून नवा दात डोकावू लागला की दाखवायला न्यावे, नाहीतर तीच अडथळा होते.

मूल एकाच बाजूने चावते, रात्री दुखून उठते किंवा हिरडीवर पुळी येऊन फुटते, ही मुळाशी पू झाल्याची लक्षणे आहेत. पुळी फुटली की दुखणे थांबते आणि घरचे निश्चिंत होतात, संसर्ग मात्र आत तसाच राहतो. उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊन सूज उतरवली तरी ती परत येते. दातावर उपचार किंवा तो काढणे याला पर्याय नाही. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, कातडी भाजते. गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरू लागली, सोबत ताप असला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळी दवाखाना उघडण्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

आपले,
बालदंतवैद्यकात काम करणारे काही दंतवैद्य